एका लिटरात दीडशे मेंढ्या

मानवजातीच्या प्रगतीचा एक मोठा टप्पा गुरुवारी सकाळी नऊ वाजता ताडकळसच्या शिवारात शिरला आणि पुढे मेंढ्या असल्यामुळे थांबला.

हरिओमने ब्रेक दाबून धरला. समोर दीडशे मेंढ्या डांबरी रस्ता भरून उभ्या होत्या आणि एकीनेही मान वळवली नव्हती. गाडी विजेवर आली होती, म्हणजे मेंढ्यांच्या मते आलीच नव्हती. त्याने हॉर्न दिला. वजन वाचवण्यासाठी बसवलेला तो नाजूक हॉर्न कपबशीवर चमचा लागावा तसा किणकिणला. एक म्हातारी मेंढी खाली बसली.

कळपापलीकडून काठी टेकत उमाजी आला. काच खाली गेली तसा तो वाकला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"हऱ्या? तू हाईस व्हय रं आत?"

"मीच हाय तात्या."

उमाजी म्हणजे हरिओमचा सख्खा चुलता. पुतण्या पुण्यात गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे, एवढे तो सगळ्यांना सांगत असे. तिथे नेमके काय करतो, हे त्याने कधी विचारले नव्हते. आता ते समोर उभे होते. पाण्याच्या थेंबाला चाके लावावीत तशी गाडी. मागची चाके झाकलेली, आरशांच्या जागी बोराएवढे कॅमेरे, दार वर उघडणारे. उमाजीने पायातल्या वहाणा काढून कडेला ठेवल्या आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"हिचं तोंड कुठल्या अंगाला हाय?"

"हे काय, हिकडं."

"मंग नाक कुठंय? दम कुठून घेती?"

"विजेवर असली की दम लागत न्हाई तिला."

तापलेल्या जनावराला लावावा तसा उमाजीने तिच्या कपाळाला तळवा लावला. पुन्हा लावला.

"परभणीहून पळत आली न्हवं? अन् थंडगार हाय!"

एवढ्यात निवृत्त शिक्षक बन्सीधर गुरुजी मोटारसायकलवर मागून आले आणि चालू गाडीवरच बसून चौकशी करू लागले.

"पेट्रोलची का विजेची?"

"दोन्हीची, गुरुजी. रात्री फोनसारखी चार्ज करायची. वीज कमी पडली किंवा जोर लागला, की पेट्रोलचं इंजिन जागं होतं."

"म्हणजे दोन घरचा पाहुणा. उपाशी राहणार."

"तेच तर तिचं कौतुक हाय. एका लिटरात शंभर किलोमीटर."

गुरुजींनी हात खाली वाकवून आपली मोटारसायकल बंद केली. तिचा आवाज त्यांना एकाएकी असभ्य वाटला असावा.

शंभरचा आकडा हरिओमने सहज सांगितला होता, पण तो अजून व्हायचा होता. कंपनीने अशा चार गाड्या चार रस्त्यांवर सोडल्या होत्या. सलग तीस किलोमीटर, लिटरला शंभर. विजेचा हिशोब धरायचा नाही, असे ठरले होते. धरला की आकडा खाली येतो. तिघांचे शंभर झाले होते. हरिओमच्या वाट्याला परभणी जिल्हा आला होता. इथे दर खड्ड्याला ब्रेक लागे, खड्ड्यातून निघताना इंजिन जागे होई, आणि सात दिवस आकडा ऐंशीच्या वर सरकला नव्हता. आज शेवटचा दिवस होता. चोवीस किलोमीटर झाले होते, पडद्यावर ऐंशी दिसत होते, आणि उरलेल्या सहा किलोमीटरांत पेट्रोलचा एक थेंब जळला नाही तरच शंभर होणार होते. मुद्दाम सावकाश चालवायची सोय नव्हती. रिकाम्या रस्त्यावर कोणी रेंगाळला, की गाडी आपण होऊन तसे पुण्याला कळवी आणि चाचणी रद्द होई.

"चहाडखोर हाय म्हण की," हरिओमने हे सांगितल्यावर उमाजी म्हणाला.

शंभर न झाल्यास पुढच्या महिन्यात संपणाऱ्या कराराचे काय, असे हरिओमने सरांना विचारले होते. सर म्हणाले होते, "बघू या." त्या स्वरात बघण्यासारखे काही नव्हते.

"तात्या, मेंढ्या तेवढ्या बाजूला घ्या. मला जायला उशीर व्हायलाय."

"मी काय हौसेनं थांबलोय? म्होरक्याच्या पायात काटा घुसलाय. खतासाठी सितारामच्या रानात बसवायच्यात मेंढ्या, हितून सहा किलोमीटर. म्होरं घाटी वाजल्याबिगर ह्या पाऊल टाकत न्हाईत."

म्होरक्या, म्हणजे कळपापुढे चालणारा एडका, तीन पायांवर उभा होता. त्याच्या गळ्यातली पितळी घाटी गप्प होती. उमाजीने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा गाडीकडे. मग वाकून घाटी सोडली.

"तात्या, न्हाई हां! हिचं वजन ग्रॅमवर मोजलंय. आरसे काढलेत. मलासुदिक तीन किलो कमी करायला लावलं."

"ते दिसायलंय. पर मुकं जनावर बिनघाटीचं रस्त्यावर सोडू न्हाई, लेका. कोनाच्या तरी अंगावर जाईल."

ह्या वाक्यातली चूक हरिओमला सापडली नाही. गाडीच्या गुळगुळीत अंगावर घाटी बांधायला जागा नव्हती. शेवटी मागच्या कॅमेऱ्याच्या दांडीला सुतळीने बांधली. तोवर गुरुजींच्या मदतीने उमाजीने एडक्याला शेजारच्या सीटवर बसवले होते. गाडीने पट्टा लावा, पट्टा लावा असा धोशा धरला, तेव्हा हरिओमने एडक्याला पट्टा लावला. एडक्याने सभ्यपणे लावून घेतला.

गाडी हलली. पहिला खड्डा आला आणि घाटी वाजली. दीडशे माना वर झाल्या, मेंढ्यांनी दुभंगून वाट दिली आणि गाडी पुढे जाताच मागे आणि दोन्ही अंगांनी चालू लागल्या. रस्ता चांगला असता तर घाटी वाजलीच नसती.

"आता पळवू नको!" उमाजी ओरडला. "त्यांनी तुला म्होरक्या मानलंय. बुजल्या तर गावभर व्हतील!"

हरिओमने पडद्यावर रद्द झालेली चाचणी पाहायची तयारी ठेवली. चारी बाजूंच्या कॅमेऱ्यांनी मेंढ्या मोजल्या, थोडा विचार केला आणि पडद्यावर अक्षरे उमटली: 'वाहतूक अतिदाट. वेग योग्य आहे.'

इंजिन जागे झाले नाही. आकडा एक्क्याऐंशी झाला.

पुढचा दीड तास पूर्णा तालुक्याने असे काही पाहिले, जे त्याने आधी पाहिले नव्हते. चंदेरी थेंब माणसाच्या चालीने सरकत होता. त्यातून ना धूर, ना धग, ना घरघर. नुसती घाटी आणि सहाशे खुरांची बारीक टिपटिप. समोरून येणारी एसटी कडेला थांबली आणि चालकाने टोपी काढली. गव्हाच्या रानातल्या बायका विळे खाली ठेवून बांधावर आल्या. तानुबाई नावाच्या म्हातारीने हात जोडले, मग आत एडका पाहून पुन्हा जोडले.

"सरकारी हाय का वो ही?" एकाने गुरुजींना विचारले. गुरुजी मोटारसायकल हाताने ढकलत मागे चालत होते. ती सुरू करायचे धैर्य त्यांना झाले नव्हते.

"मेंढ्या हाकायची नवी योजना दिसते," गुरुजी म्हणाले.

"मंग अर्ज कुठं करायचा?"

सितारामच्या रानापर्यंत चौघांनी अर्जाची चौकशी केली. एकाने आधार कार्ड आणायला घरी माणूस पाठवला.

उमाजी खिडकीच्या अंगाने, अनवाणी चालत होता. वहाणा त्याने काखेत धरल्या होत्या.

"हरिओम," तो मध्येच म्हणाला. पूर्ण नाव त्याने बहुधा पहिल्यांदाच घेतले. "उभी उमर गाड्यांची धूळ खान्यात गेली माझी. हिच्या मागं धूळच न्हाई."

पडद्यावर चौऱ्याण्णव होते. हरिओमने श्वास हळू घ्यायला सुरुवात केली, जणू त्यालाही पेट्रोल लागत होते. सत्त्याण्णव. एडक्याने जांभई दिली. सितारामच्या रानाचा बांध दिसू लागला तेव्हा नव्व्याण्णव झाले, आणि गाडी बांधावरून आत वळताना तीस किलोमीटर भरले. शंभर.

त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकले. फोन लगेच वाजला.

"हरिओम, अप्रतिम!" सर म्हणाले. "शेवटच्या सहा किलोमीटरांत इंजिन एकदाही नाही! एवढ्या दाट वाहतुकीत! कुठला चौक होता?"

"चौक नव्हता सर. सरळ रस्ता होता."

"आणि शेजारच्या सीटवर प्रवाशाची नोंद दिसतेय. कोण?"

हरिओमने शेजारी पाहिले. "इथलेच आहेत सर. रोज ह्या रस्त्याने असतात."

"उत्तम. स्थानिकांना बरोबर घ्यायलाच हवं. बाकी तिघांनी मोकळ्या रस्त्यावर शंभर काढले, तुम्ही गर्दीत काढलेत. हीच गाडीची जाहिरात. सोमवारी पुण्यात पत्रकारांसमोर पुन्हा करून दाखवायचं. तुमच्या कराराचं त्यानंतर लगेच करू."

"पुन्हा म्हणजे सर—"

"अगदी आजच्यासारखं. तेवढीच गर्दी, तेच तंत्र. वेगळं काही करू नका."

फोन ठेवून हरिओम उतरला. उमाजी रानात मेंढ्यांभोवती जाळी ठोकत होता. हरिओमने दुसरे टोक धरले. दोन खुंट्या ठोकून झाल्यावर त्याने विचारले,

"तात्या, सोमवारी मेंढ्या मोकळ्या हायेत का?"

उमाजीने हातोडा थांबवला. पुतण्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग गाडीकडे पाहिले. भोवती एव्हाना पंधरा-वीस माणसे जमली होती आणि कोणीही मोठ्याने बोलत नव्हते.

"किती लागतील?"

"सगळ्या."

उमाजीने मनात दिवस मोजले. मोजताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"न्हाई जमायचं, लेकरा. रविवारपस्तोर हितं सितारामच्या रानात. सोमवारपसून गोपाळच्या."

गोपाळने दिवाळीतच सांगून ठेवले होते.