ठोके थांबवण्याची विनंती

आमच्या गल्लीत शांतता आपली आपण कधीच नसायची, ती मागावी लागायची. तांब्याची भांडी घडवणारी अकरा दुकानं समोरासमोर, आणि सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत अकराही ठिकाणी हातोड्या चालू. बाहेरचा माणूस गल्लीत शिरला की कानांवर हात ठेवायचा. आम्ही पोरं मात्र त्याच आवाजात झोपायचो, अभ्यास करायचो आणि आईची हाक ऐकूच आली नाही असं बिनदिक्कत सांगायचो.

गल्लीच्या टोकाला धान्याचं एक रिकामं गोदाम होतं. शहाण्या माणसाने तिथे संगीताची शाळा काढली नसती. व्हायोलिन शिकवणाऱ्या एका बाईंनी काढली. मी तेव्हा वीस वर्षांची होते. थंडी सरल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी विद्यार्थ्यांचं वादन ठेवलं, आणि आदल्या दिवशी स्वतः गल्लीत आल्या. एकेका दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून एकच वाक्य बोलल्या, "उद्या संध्याकाळी सहा ते सात, तासभर हातोडी खाली ठेवाल का?"

आम्हाला लोकांनी शिव्या घातल्या होत्या, आमच्याविरुद्ध अर्ज केले होते, एकदा तर पोलीस आणले होते. विचारलं मात्र कुणीच नव्हतं. गल्लीतले सगळे गडबडले आणि बाबांकडे बघायला लागले, कारण वाकडं बोलायचं खातं बाबांकडे होतं.

"ठेवतो," बाबा म्हणाले. "पण तासभर करायचं काय? आम्हाला गप्प बसायची सवय नाही."

"ऐकायला या ना. पहिला बाक तुमचा."

दुसऱ्या दिवशी अकरा माणसं अंघोळ करून, भांग पाडून, नखांतला काळा मळ तसाच ठेवून पहिल्या बाकावर बसली. बाईंना त्या दिवसापासून गल्लीने 'गप्पबाई' म्हणायला सुरुवात केली, आणि त्यांनीही ते नाव आनंदाने लावून घेतलं.

आज या शहरातला वसंतातला महोत्सव दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे. त्याची सुरुवात ही अशी, एका तासाची. पुढच्या वर्षी तीन संध्याकाळी झाल्या. मग चित्रकारांनी आमच्या दुकानांच्या फळ्यांवर चित्रं टांगली. मग नाटकवाले आले, नाचवाले आले, मग नगरपालिका आली आणि तिच्यामागोमाग कमानी आणि भाषणं आली. दहा दिवस झाले, एकवीस झाले. नदीकाठी मंच उभे राहिले, हॉटेलांत जागा मिळेना. गोदाम पाडून तिथे काचेचं सभागृह झालं. महोत्सव वाढत गेला तशी गल्ली मात्र आटत गेली. अकराची सात दुकानं झाली, मग चार, मग एकटे बाबा. शेजारच्या दुकानात आता तांब्याच्या रंगाचे प्लॅस्टिकचे दिवे मिळतात. त्याच्यासमोरून जाताना बाबा दुसरीकडे बघतात.

बाई दर वर्षी विचारायला यायच्या. गुडघे गेले तेव्हा त्यांनी मला महोत्सवाच्या कचेरीत नोकरी दिली. माझं काम वेळापत्रकाचं. त्यातली पहिली ओळ त्यांनी स्वतः लिहून दिली होती: ठोके थांबवण्याची विनंती. वर तंबीही दिली, "चिठ्ठी चिकटवायची नाही. पायरीवर उभं राहायचं, विचारायचं, उत्तर ऐकून परत यायचं." बाबा मला मुद्दाम ताटकळत ठेवायचे. "साहेब आल्या," म्हणायचे, "विचार करून सांगतो." मग चहा पाजायचे आणि हो म्हणायचे.

बाई जाऊन चार वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी नवे संचालक आले ते कामाचे, हुशार. एका दुकानासाठी अर्धा दिवस कशाला घालवता, छापील पत्र पाठवा, असं त्यांनी सुचवलं. मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंच वाटलं होतं. त्याच वर्षी पहिला बाक जाऊन तिथे पाहुण्यांच्या खुर्च्या आल्या होत्या, आणि बाबांच्या हाती चौदाव्या रांगेचा पास पडणार होता. पास मी पत्राच्याच पाकिटात घातला. तेव्हापासूनच्या दोन्ही वर्षी बाबांनी उद्घाटनाच्या रविवारी आपणहून काम थांबवलं, चौदाव्या रांगेत बसले आणि संपताच घरी गेले.

यंदा उद्घाटन गुरुवारी होतं. टीव्हीवर थेट दाखवायचं तर रविवार सोयीचा नव्हता. आणि यंदा माझ्या पर्समध्ये एक संमतिपत्र होतं. पुढच्या वर्षी महोत्सव महिनाभर चालणार, तेव्हा दुकान शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीत हलवायला बाबा तयार आहेत, असं त्यात लिहिलेलं होतं. त्यांच्या सहीशिवाय त्यांना कुणी हलवू शकत नव्हतं. संचालकांनी कागद माझ्याच हातात दिला. "तुम्ही सांगितलंत तर ऐकतील," म्हणाले. महोत्सवासाठी मी अर्धं आयुष्य घातलं होतं, त्यामुळे नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. त्या वसाहतीत त्यांना कोण ओळखणार आणि ते बोलणार कुणाशी, हे मला न सांगताही कळत होतं. म्हणून मी सहा आठवडे गल्लीत पाऊलच टाकलं नाही. दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. रुसलेत, असं मी ठरवून टाकलं आणि छापील पत्र पोस्टात टाकलं.

गुरुवारी सहा वाजता सभागृह भरलं. चेलोवादक एकटाच मंचावर येऊन बसला. त्याने तारांवर इतक्या हलक्या हाताने गज टेकवला की शेजारच्या माणसाचा श्वासही नको वाटावा. आणि काचेपलीकडून आवाज आला. ठण्. मग पुन्हा ठण्, ठण्, ठण्.

सुरुवातीला लोक हसले. मग कुणी हसेना. वादकाने गज उचलला, वाट पाहिली, पुन्हा टेकवला. ठण्. संचालक वाकून माझ्या कानाशी आले. "जा," म्हणाले, "आणि तो कागदही आजच सही करून आणा. आता पुरे झालं."

मी तरातरा गल्लीत गेले. रागाने माझे कान तापले होते. भर सभागृहात, टीव्हीसमोर, आपल्याच मुलीची शोभा करायची! बाबा दाराकडे पाठ करून बसले होते, पुढ्यात भलं मोठं पातेलं, त्यावर बारीक ठोके घालून तांबं गुळगुळीत करणं चाललं होतं.

"बाबा!"

ठण्.

"मुद्दाम करताय ना? सगळं शहर ऐकतंय!"

ठण्. मान वळली नाही, खांदाही हलला नाही. मी पुढे झाले आणि खाली लक्ष गेलं. माझं छापील पत्र पालथं पडलं होतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर कंपासने झाकणाचं वर्तुळ काढलेलं होतं. पास अजून पाकिटात होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तसे ते केवढे तरी दचकले.

"तू? आज कशी?" माझी साडी, गळ्यातलं ओळखपत्र, सगळं त्यांनी बघून घेतलं. "आज रविवार आहे?"

मी भडाभडा बोलायला लागले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

"सावकाश बोल," ते म्हणाले. "उजेडाकडे तोंड कर."

 मी त्यांच्यासमोर खालीच बसले. "कधीपासून?" मी सावकाश विचारलं.

"डावा कान आधी गेला. उजवा जाऊन आठ वर्षं झाली असतील. या धंद्यात जातातच. माझ्या वडिलांचेही गेले होते."

आठ वर्षं. म्हणजे मी विचारायला यायचे ती कितीतरी वर्षं. ते विचार करून सांगतो म्हणायचे, तेव्हा माझ्या ओठांवर नजर ठेवून असायचे, आणि मला वाटायचं बाबा थट्टेच्या रंगात आहेत.

"मग तुम्ही तिथे येऊन बसायचात ते?"

"आधी बाई, मग तू विचारायला यायचीस ना. मग जायला नको?" त्यांनी हातोडीचा दांडा पुसला. "आणि हात बघायचो. काय सुंदर हात चालतात गं त्या लोकांचे! एक ठोका वाया नाही."

"बाईंना माहीत होतं?"

"कान गेले त्याच वर्षी त्यांना कळलं. म्हणाल्या, काही झालं तरी पहिला बाक सोडू नका, तिथून हात दिसतात." ते जरासे हसले. "गेल्या दोन खेपा मागे बसवलंत. डोकी दिसली. काही काही डोकी बरी होती."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पदराने तोंड पुसलं, उठले, बाहेर जाऊन पायरीवर उभी राहिले. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तोंडावर येईल अशी उभी राहिले.

"आज आठ वाजेपर्यंत," मी म्हणाले. "हातोडी खाली ठेवाल का?"

बाबांनी नेहमीसारखं ताटकळत ठेवलं नाही. हातोडी ऐरणीशेजारी ठेवली आणि हात धुवायला उठले. "विचारायला आलीस, मग संपलं," ते म्हणाले. स्वच्छ सदरा घालताना त्यांचं लक्ष माझ्या पर्सकडे गेलं. मी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"आणखी काही विचारायचंय?"

मी त्यांच्याकडे बघितलं. पायरीवर उभी होते, उजेड तोंडावर होता, आणि ते माझ्या ओठांकडे बघत थांबले होते.

"नाही," मी म्हणाले. "चला, उशीर होतोय."

मंचाच्या कडेला माझी खुर्ची असते, पडद्याच्या आत, वादकापासून चार हातांवर. तिथे मी त्यांना बसवलं. वादकाने पुन्हा गज टेकवला. या वेळी सभागृहात काहीही आड आलं नाही. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून पुढे झुकले होते, आणि त्यांची उजवी तर्जनी वादकाच्या मनगटाबरोबर हळूहळू हलत होती.

मध्यंतरात संचालक आले. "कागद?"

मी पर्समधून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी खालची रिकामी जागा पाहिली.

"नाही म्हणाले?"

"मी विचारलंच नाही," मी म्हणाले. "विचारलं असतं तर हो म्हणाले असते."