बोंडल्यातला चहा

दूध नाही, साखर नाही, आलं नाही. वर पहिलं पाणी पत्तीवर ओतायचं आणि चक्क फेकून द्यायचं! ह्याला लिआंग चहा म्हणायचा. मी म्हणायची काढा.

लिआंग आमचा शेजारी. तिकडे आखातात, अदलियात एका चिनी हॉटेलाच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या, त्यातली एक त्याची, एक आमची. तो हॉटेलात आचारी, आमचे हे हॉटेलाच्या गाडीवर ड्रायव्हर, आणि मी खदिजाबाईंकडे घरकामाला. चौऱ्याऐंशी साल असेल. शुक्रवारी सकाळी, हॉटेल उघडायच्या आधी, हे त्याच्या खोलीत जाऊन बसायचे. लिआंग दोन तारांचं वाद्य मांडीवर उभं धरून गजानं वाजवायचा. खालच्या डबीला अजगराचं कातडं. मी तर कधी हात लावला नाही, बाई! सूर असा रडवेला की भिंतीपलीकडे कणीक मळता मळता माझे हात थांबायचे.

"कोण मेलंय का हो तिकडे?" मी विचारायची.

"गप गो. येऊन ऐक तरी," हे हसायचे.

गेले एकदा. चहाच्या वाट्या बघितल्या तर बाळाला दूध पाजायच्या बोंडल्याएवढ्या. एक गाणं वाजवून झालं की लिआंग चहा ओतायचा. तेव्हा कुणी बोलायचं नाही, सूर कानात राहू द्यायचा. ह्यांनी वाटी घेतली आणि चटईवर दोन बोटं हळूच आपटली. टक, टक.

"हमारा थँक्यू," लिआंगनं मला मोडक्या हिंदीत समजावलं. "मुंह बंद, तो म्यूझिक खराब नहीं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीत आल्यावर ह्यांना म्हटलं, "लग्न झाल्यापासून चहा पाजतेय, कधी टक नाही की टुक नाही. त्या काढ्याला मात्र आभार!"

"अगो, आभार परक्याचे मानतात. तुझे मानले तर तू परकी होशील."

बोलायला काय जातंय! पण मला ते आभार हवे होते, खरं सांगते. एकदा तरी.

त्याच उन्हाळ्यात हे गाडीतच कोसळले. अर्धांग. सलमानियाला हॉस्पिटलात ठेवलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, नजर छताला खिळली. हाका मारून मारून माझा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, ओळख राहिलेली नाही. वसईची ब्रिजिट सिस्टर तेच मराठीत सांगायला आली, "मावशी, मन घट्ट करा. ते आता कुणालाच ओळखत नाहीत." मी तिच्यावर खेकसले. मला एवढंच कळायला हवं होतं, आत माझा माणूस आहे की नाही.

शुक्रवारी लिआंग वाद्य घेऊन आला. ब्रिजिटनं दार लोटून घेतलं. त्यानं अगदी हळू वाजवलं. मग थर्मासमधला कोमट काढा बोंडल्यात ओतून चमच्यानं ह्यांच्या ओठांना लावला. ह्यांनी गिळला. डावा हात खाटेच्या कडेला होता. त्याची दोन बोटं उठली. टक, टक.

लिआंग रडायलाच लागला. ब्रिजिट डॉक्टरांना बोलवायला धावली. आणि मी? मी जळून खाक झाले. आत माणूस होता, देवा! पण ओळख दाखवली ती चिन्याला. मला नाही.

पुढच्या शुक्रवारी मी माझा चहा नेला. आलं ठेचून घातलेला, साखर त्यांना आवडते तेवढी. लिआंगला म्हटलं, "तुम बजाव." गाणं संपलं. त्याच्याच बोंडल्यात मी चहा ओतला, चमचा ओठांना लावला.

"अहो, मी रंभा. माझ्या हातचा आहे."

गिळला. नजर छतावरून सरकत सरकत माझ्या तोंडावर आली. डोळे भरून आले ह्यांचे. मग ती दोन बोटं उठली.

टक, टक.

"देखो, देखो! तुमको थँक्यू!" लिआंगला वाटलं, मी खूश होईन. मला मात्र ह्यांचंच बोलणं आठवलं. मी ती बोटं मुठीत गच्च धरली.

"नको हो! आभार कसले मानताय? मी काय परकी आहे? कुठे निघालात मला सोडून?"

मुठीतल्या मुठीत ती बोटं पुन्हा हलली. दोनदा.