माझे ओबडधोबड पाय

मित्रांनो, मी एक जुनी मादी आहे. जुनी खरी, पण कधीच न जगलेली. संग्रहालयाच्या तळमजल्यावर सळ्या, जाळी आणि प्लास्टर यांच्या आधाराने मी पहुडले आहे.

फार फार पूर्वी नद्यांमध्ये फायटोसॉर नावाचे प्राणी राहत. दिसायला अगदी मगर, फक्त नाकपुड्या जबड्याच्या टोकाला नव्हे, डोळ्यांजवळ. पुढे ते सगळेच नाहीसे झाले. पण समजा, झाले नसते आणि नदीतून समुद्रात गेले असते तर? त्या 'तर'मधून मी आले.

माझी कल्पना जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंची. मला घडवलं त्यांच्या भावजयीने. सगळे तिला वहिनीच म्हणत, म्हणून मीही म्हणते. वहिनींनी माझी शेपटी माशासारखी रुंद केली, नाकपुड्या कपाळावर नेल्या आणि पायांची अशी सुरेख वल्ही केली की बघत राहावं.

बाई माझ्याभोवती फिरल्या आणि थबकल्या. "वहिनी, पोहेल झकास. पण अंडी घालायला वाळूवर चढणार कशी?"

"कासव चढतंच की!"

"ते आटोपशीर असतं. हिचं धूड बघा. चढली नाही तर पिल्लं नाहीत, वंश इथेच संपला."

"वन्सं, परवा दालन उघडतंय आणि हे तुम्हाला आत्ता सुचतंय?"

"ही पुरी झालेली बघितली, तेव्हा कुठे डोक्यात आलं हो."

वहिनींनी पटाशी उचलली. मग त्यांनी पुढची दोन्ही वल्ही स्वतःच फोडली. आपलं सर्वांत देखणं काम फोडायला केवढं काळीज लागत असेल! त्या जागी आले जाड, वाकडे, नख्यांचे पाय. त्यांना नीट कानस लावायलाही सवड मिळाली नाही.

लोक हसत. "अर्धी मासोळी, अर्धी घोरपड!" "करणाऱ्याचं प्लास्टर संपलं वाटतं!" हळूहळू हसणारेही कमी झाले, पाठीवर धूळ साचली.

यंदा मला तडे गेले. नवे संचालक वहिनींना म्हणाले, "दुरुस्ती होतेच आहे, तर हे पाय कापून छान वल्ही लावून टाका. जरा शोभेल तरी." करवत माझ्या खांद्याशी आणून ठेवली. मला ओरडता येत असतं तर!

वहिनींनी चष्मा पुसला. "लावते की. फक्त आधी तुम्ही पालथे पडा, हात अंगाला चिकटवा आणि त्या खांबापर्यंत जाऊन दाखवा."

"मी?"

"हो. आणि पोटात अंडी आहेत असं समजा!"

साहेब दिलदार माणूस. खरंच पालथे पडले. वीतभर सरकले, शर्टाने फरशी पुसून निघाली, आणि हसत हसत त्यांनी कोपर टेकलं. "नाही हो जमत! राहू द्या तिचे पाय."

मित्रांनो, मला खुशाल हसा. पण हसून झालं की क्षणभर या पायांपाशी थांबा. माझी कधीच न जन्मलेली पिल्लं वाळूवर सुखरूप यावीत, म्हणून वहिनींनी आपलं देखणं काम मोडलं आहे. तुमच्याही घरात असं काही ओबडधोबड दिसलं, तर करवत उचलण्याआधी एवढंच विचारा, हे कोणासाठी असं आहे?