साईराजचं खातं

नीलमने सर्व्हरची नेटची वायर उपटली, तसा पलीकडच्या टेबलावरचा निशांत चहाचा कप ठेवून उठला.

"काय झालं?"

"खोटा पासवर्ड कुणीतरी वापरला, सर."

दोन वर्षांपूर्वी तो तिनेच तिथे ठेवला होता. त्याने काहीच उघडत नसे. खऱ्या पासवर्डांच्या शेजारी तो नुसता पडून असायचा. ऑफिसातल्या कुणाला त्याला हात लावायचं कारण नव्हतं. म्हणूनच कुणी तो वापरला, की आत चोर शिरलाय एवढं लगेच कळायचं.

दुपारपर्यंत चोराची वाट सापडली. सकाळी बसवलेल्या एका अपडेटमधून तो आला होता. अपडेट साईराजच्या प्रोग्रामचं होतं. ऑफिस ज्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचं त्या अकरा दवाखान्यांत ते संध्याकाळी जायचं होतं, ते थांबलं.

साईराज कणकुंबीचा. कॉलेजात नीलमच्या वर्गात, पुढे याच ऑफिसात. रुग्णाचं नाव एका कागदावर मराठीत, दुसऱ्यावर कन्नडमध्ये, तिसऱ्यावर इंग्रजीत. पण माणूस एकच, हे ओळखणारा छोटा प्रोग्राम त्याने लिहिला आणि सगळ्यांना फुकट वापरायला दिला. तीन वर्षांपूर्वी नीलमशी भांडून तो नोकरी सोडून गावी गेला. भांडण एवढ्याशा गोष्टीचं होतं, पण दोघांनीही ते धरून ठेवलं.

"त्यानंच केलं असेल?" निशांतने विचारलं.

"साईराज असलं करणार नाही, सर."

ती ठामपणे बोलली. गेल्या काही महिन्यांत प्रोग्रामच्या नेटवरच्या पानावर, त्याच्या खात्यावरून त्यांचं पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. अपडेट आलं की ती दोन ओळी लिहायची, त्याचं उत्तर यायचं. मे महिन्यात तिने धीर करून लिहिलं होतं, माझंही चुकलं. 'सोडून दे,' असं उत्तर आलं. त्या संध्याकाळी वडगावला घरी जाताना ती स्कूटरवर गुणगुणत होती.

त्याचा फोन बंद होता. तिने त्याच्या आईचा, मालुबाईंचा नंबर लावला.

"मावशी, मी नीलम, वडगावची. साईराज आहे का?"



"तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय गं?" मालुबाई म्हणाल्या. "शिमग्याच्या आधी गेला की त्यो. कावीळ झालती. लई धावपळ केली आमी." मग त्यांनी विचारलं, "काय काम हुतं त्याच्याकडं?"

"काही नाही, मावशी. असंच."

निशांतला सांगताना तिचा आवाज नीट होता. तो खुर्चीत बसला.

"म्हणजे इतके महिने त्याच्या खात्यावरून दुसराच कुणीतरी..." तो म्हणाला. "बाकीच्यांना कळवायला हवं. खरा साईराज कुठपर्यंत होता, तेवढं बघ."

नीलम निरोपांचं पान मागे सरकवत गेली. जुलै, जून. मे आला, तिथे तिचा हात थांबला. मग तिने तोही मागे टाकला. एप्रिल. शिमग्याच्या आधीचा, फेब्रुवारीतला एकच निरोप होता.

'नीलम, जमलं तर फोन कर. नंबर तोच आहे.'

तो तिने त्याच दिवशी वाचला होता. खाली तिचं उत्तर नव्हतं.

"हा खरा आहे, सर," ती म्हणाली आणि तारीख लिहून द्यायला तिने पेन शोधलं.