पाचशे शब्दांत बसणारं

अर्जाची मुदत सहाला संपत होती आणि पावणेपाचला माझ्या निबंधात पाचशे एकोणीस शब्द होते. परदेशातल्या पीएचडीसाठी हा माझा तिसरा प्रयत्न. वय पाहता चौथा होणार नव्हता.

दादाचा फोन आला. तो जाहिराती लिहितो.

"वजनकाट्याचं पुराण काढलंस का?"

"तेवढंच तर मी केलंय."

"अगं, त्यांना स्वप्नं हवी असतात. लहानपणी आकाशाकडे बघायचीस वगैरे."

"मी लहानपणी आकाशाकडे बघत नव्हते."

"मग आता बघ. सव्वा तास आहे," म्हणाला आणि फोन ठेवला.

पुराण असं होतं. आमच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्म वजनकाटा सकाळी बरोबर दाखवायचा, दुपारी चुकायचा. सकाळची वजनं मी करायचे, दुपारची ताई. ताई म्हणजे आमच्या तंत्रज्ञ, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. मी सरांना सांगितलं, ताईंचा हात स्थिर नाही. सरांनी त्यांना भांडी धुण्यावर घातलं. मग दुपारची वजनंही माझ्याकडे आली आणि माझीही चुकायला लागली. भिंतीपलीकडे जेवणानंतर नमुने गरगर फिरवणारं मोठं सेंट्रिफ्यूज सुरू व्हायचं, त्याच्या कंपनानं काटा हलत होता. हे मी आकड्यांनिशी सिद्ध केलं, सरांनी काटा दुसऱ्या खोलीत हलवला आणि ताई पुन्हा वजनांवर आल्या.

निबंधात हे सगळं होतं. पायाला स्वस्थता नव्हती. दोनदा उठून पाणी प्यायले, एकदा नुसतीच उठले. एकोणीस शब्द कुठून काढायचे? शेवटी छापील प्रत घेऊन आतल्या सिंकपाशी गेले. दिवसाची वजनं संपवून ताई पिपेट धूत होत्या.

"ताई, यात तुम्ही आहात. नाव नाही घातलं. चालेल का, बघता?"

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचलं. फार सावकाश वाचलं. मी घड्याळाकडे बघत होते.

"कंपनाचं छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पण भांड्यांवर मी तीन आठवडे नव्हते, चोवीस दिवस होते."

"बदलते."

"आणि हे?" त्यांनी ओल्या बोटानं एक ओळ दाखवली. 'मी माझ्या सहकारी महिलेची माफी मागितली, आणि निष्कर्ष काढण्याची घाई किती महाग पडते ते शिकले.' "हे कधी झालं?"

मला खरोखर आठवावं लागलं. वाक्य तिसऱ्या खर्ड्यात आलं होतं. परिच्छेद अर्धवट वाटत होता, म्हणून लिहिलं होतं. त्यानंतर इतक्या वेळा वाचलं की ते झालेलंच वाटायला लागलं होतं.

"झालं नाही," मी म्हणाले.

"मला वाटलं, मीच विसरले. वय झालं."

"ताई, मी आत्ता..."

"आत्ता नको. आत्ता मागितलीस तर ती अर्जाच्या कामाची. मागायचीच असेल तर सहानंतर माग. मी आहे सव्वासहापर्यंत." त्या पुन्हा पिपेटकडे वळल्या. "कागद उचल, भिजेल."

जागेवर येऊन मी ती ओळ काढली. त्या जागी लिहिलं, 'मी अजून तिची माफी मागितलेली नाही.' हे वाचून निवड समिती काय म्हणेल ते मला दिसत होतं. पुसलं, पुन्हा लिहिलं. दादाचा फोन आला, उचलला नाही. मग भविष्यातल्या संशोधनाबद्दलची दोन गुळगुळीत वाक्यं उडवली. चारशे शहाण्णव. पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी अर्ज पाठवला.

एकोणीस मिनिटं उरली होती. टेबल आवरलं. मनात माफीचं वाक्य जुळवून पाहिलं. ते निबंधातल्यासारखं आलं. दुसरं जुळवलं, तेही तसंच. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि माझ्याकडे अजून साधं बोलता येईल असं काहीच नव्हतं.