वहीतल्या कोऱ्या जागा

टाइप करायला घेण्याआधी हस्तलिखित शेवटपर्यंत वाचायचं, हा माझा नियम. मुलगी झाल्यापासून कुठला नियम आणि कुठलं काय! ही वही मी न वाचताच हातात घेतली. चूक तिथेच झाली.

वही एका लेखिकेची. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि लोक तर तिला त्याआधीच विसरले होते. देवाशी शेजारणीसारखं बोलणाऱ्या बायकांवर तिनं तीन कादंबऱ्या लिहिल्या. भाबड्या म्हणून त्या बाजूला पडल्या. आमच्या प्रकाशक मॅडमना त्यातली एक वाचनालयाने बाद केलेल्या पुस्तकांत सापडली. त्यांनी ती पुन्हा छापली आणि ती हातोहात खपली. मग लेखिकेच्या मुलीने ट्रंकेतून ही चौथी, कधीच न छापलेली वही काढून दिली.

वहीत एक विचित्र गोष्ट होती. कादंबरीतल्या लहान मुलीचं नाव जिथे जिथे यायला हवं, तिथे बोटभर जागा कोरी.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "अगं, राहून गेलं असेल. तू सध्या काहीतरी घाल. पानं किती होतात ते तरी कळू दे."

मी माझ्या मुलीचं नाव घातलं. घरात आम्ही तिला ठमी म्हणतो. मी तिचं शाळेतलं, खरं नाव घातलं. पहिलं तेच सुचलं. टाइप करताना बरंही वाटायचं, ती जवळच बसल्यासारखं.

सोमवारी शेवटच्या प्रकरणाला आले. आधीच्या प्रकरणात नायिकेचा नवरा मरणाच्या दारात होता आणि ती देवाला म्हणाली होती, "याला उठव. बदल्यात काय न्यायचं ते ने." नवरा उठला. आता मुलगी तापली. माझे हात सवयीने चालत राहिले. पाचव्या दिवशी मुलगी गेली, हे वाक्य मी ठमीच्या नावासकट टाइप केलं आणि मग वाचलं. नायिका देवाला बोल लावत नाही. "तू ऐकलंस," एवढंच म्हणते.

फाइल तशीच बंद केली. दुपारी ठमी शाळेतून आली ती दप्तर न काढताच सोफ्यावर आडवी झाली. कपाळ तव्यासारखं.

डॉक्टर म्हणाले, साथ आहे. मी त्या वाक्याचं सांगितल्यावर माझा नवरा म्हणाला, "तिच्या वर्गातली निम्मी पोरं तापलीत. त्यांचीही नावं टाइप केलीस का?"

मी हसले. आणि तासातासाला थर्मामीटर लावत राहिले. औषधाने ताप उतरायचा, दोन तासांत परत चढायचा. ती झोपली की तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायचे.

गुरुवारी, चौथ्या दिवशी, मी लेखिकेच्या मुलीला फोन केला. त्या ऐंशीच्या.

"मावशी, वहीत त्या मुलीचं नाव का नाही हो?"

"कशी घालेल आई? ती म्हणायची, देव खरंच ऐकतो, म्हणून जपून बोलावं." मग त्यांनीच विचारलं, "तू घातलंस की काय?"

"हो."

"कुणाचं?"

"माझ्या मुलीचं."

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

"खोडून टाकते ना. पुन्हा कोरी जागा ठेवते."

"आईनंही खोडलंच होतं. आधी धाकटीचं घातलं होतं तिनं." पलीकडे भांड्यात चमचा फिरल्याचा आवाज आला. "मला बहीण होती, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आई जन्मभर म्हणायची, खोडलं कशाला, बदलायचं होतं."

फोन ठेवून मी फाइल उघडली. चार वाजता ती मॅडममार्फत छापखान्यात जायची होती. ठमी आत कण्हत होती. बदलायच्या चौकटीत तिचं नाव टाकलं. खाली, नव्या नावाच्या चौकटीत, कर्सर लुकलुकत राहिला. जावेच्या मुलीचं नाव सुचलं. मग समोरच्या फ्लॅटमधल्या छोटीचं. सुचलं, हे लपवत नाही. मग जे एकच नाव द्यायचा मला हक्क होता, ते घातलं.

चौतीस ठिकाणी बदल झाला.

संध्याकाळी मॅडमचा फोन. "स्वतःचंच नाव? हौशी आहेस हं! राहू दे, शोभतंय."

शुक्रवारी सकाळी ठमीला दरदरून घाम फुटला. अंग गार. डोळे उघडून म्हणाली, "बिस्कीट. दोन."

"बघ, मी म्हणत नव्हतो?" नवरा म्हणाला. "उगाच जीव टांगणीला लावतेस."

"हो ना," मी म्हटलं. थर्मामीटर धुतला, पुसला. पंखा तर बंद होता, तरी थंडी वाजत होती.

न्हाणीघरात जाऊन मी कडी लावली आणि थर्मामीटर स्वतःच्या जिभेखाली धरला.