वीस शब्दांची यादी

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मिस्त्रींना मागून पत्रा खरवडल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"कात्री," ते म्हणाले.

मागे यादी घेऊन बसलेल्या बायकोने त्यांचा खांदा दोनदा थोपटला. दोनदा म्हणजे बरोबर, एकदा म्हणजे चूक. आज वीसपैकी वीस! मिस्त्रींनी कानामागचं यंत्र चाचपलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच ते स्वतःवर खूश होते.

त्यांचा सगळा जन्म शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात गेला. गिऱ्हाईक मशीन चालवायचं आणि मिस्त्री डोळे मिटून नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचे. मग सहा वर्षांपूर्वी एका तापात दोन्ही कान गेले. ऑपरेशन करून हे यंत्र बसवून घेतलं, ते काही मशिनांसाठी नव्हे. त्यांना बायकोचा आवाज परत हवा होता. जरा घोगरा, रागात शेवटचा शब्द गिळणारा. आणि राग तर बाईंच्या नाकावरच असायचा. पण दीड महिना झाला, आवाज म्हणून येत होता तो हा पत्रा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मात्र पार फजिती झाली. यंत्र लावून देणाऱ्या मुलीने ओठांपुढे कागद धरला आणि पहिला शब्द उच्चारला. "चमचा," मिस्त्री ठणकावून म्हणाले. मग खिडकी, असं करत करत शेवटी कात्री. वीसही शब्द सांगून झाले आणि एकही बरोबर आला नाही.

"काकू, घरी शब्द उलटसुलट करून विचारता ना?" मुलीने विचारलं.

"छे गं! रोज त्याच क्रमाने. म्हटलं, ह्यांना सोपं जाईल."

मुलीने कपाळावर हात मारला आणि मिस्त्रींसाठी कागदावर लिहिलं : 'काका, यंत्र नसेला फक्त विजेचे बारीक झटके देतं. पुढे एक पेशी दुसरीला निरोप देते, दुसरी तिसरीला. निरोप मेंदूपर्यंत पोचतोय, पण त्याचा अर्थ त्याला नव्याने शिकायचाय. ज्या पेशी पुन्हापुन्हा एकाच वेळी जाग्या होतात त्यांची गट्टी जमते. तुमची जमली, पण यादीशी. आता पुन्हा सुरुवात.'

मिस्त्रींच्या डोक्यात तिडीक गेली. घरी येईपर्यंत ते धुमसत होते.

"दीड महिना पोपट केलास माझा! एवढी साधी अक्कल नाही?"

"माझ्या अकलेवर जाऊ नका. तुम्हाला तरी कुठे कळलं?"

हे त्यांनी तिच्या ओठांवरून वाचलं, आणि तेवढ्याने आणखी चिडून पाठ फिरवली. टेबलावर एक मशीन सहा वर्षं उघडं पडलं होतं. त्याचा एक स्क्रू त्यांनी उगाचच काढला, उगाचच लावला.

स्वयंपाकघरात भांडी आपटू लागली. नवरा बहिरा झाल्यापासून त्याच्या पाठीमागे मनसोक्त बोलून घ्यायची बायकोला सवयच लागली होती.

"सहा वर्षं या दगडापुढे डोकं फोडतेय! मरो ती यादी, नि मरो ते यंत्र!"

"दगड कुणाला म्हणतेस?" मिस्त्री मागे न वळताच खेकसले.

भांडी थांबली. मिस्त्रींच्या हातातला स्क्रूड्रायव्हरही थांबला. बायको ओल्या हातांनीच धावत बाहेर आली.

"अहो, ऐकू आलं? यंत्राला शिव्या दिल्या तेही?"

"सगळं आलं. सहा वर्षांत आणखी काय काय म्हणालीस कोण जाणे."

ती हसता हसता रडायला लागली. मग पदराने डोळे पुसत तिने हळूच विचारलं, "पहिल्यासारखा येतो का हो माझा आवाज?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. पूर्वीचा तिचा आवाज आठवून तो या आवाजाशेजारी ठेवून पाहावा, एवढंच त्यांना करायचं होतं. त्यांनी लग्नानंतरचं पहिलं भांडण आठवलं. लेकीच्या जन्मानंतर तिने मारलेली हाक आठवली. प्रत्येक वेळी तिचे ओठ हलत होते, आणि खरवडत होता तो पत्राच. घोगरा आवाज कुठेच नव्हता. परवापर्यंत तरी होता की नाही, हेही त्यांना आठवेना. त्यांना स्वतःच्याच डोक्याचा भयंकर राग आला.

त्यांनी डोळे उघडले. "अगदी तस्साच," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचा खांदा थोपटला. एकदाच. हात मग तिने तिथेच राहू दिला.